परतीचा दम

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत पाण्याखाली श्वास धरण्याचा जो नियम आहे, तो उद्या पुस्तकातून खोडून टाकला तरी बहुतेक टेबलांवर कोणाच्या लक्षातही येणार नाही. हे मी चेष्टेने म्हणत नाही. नियमच असा आहे की तो कधी लागूच होत नाही. आणि जो नियम लागू होत नाही त्याला नियम कशाला म्हणायचं?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-सहा माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम, म्हणजे सूत्रधार. तो गोष्ट उभी करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत वावरतात. 'मी दार फोडतो', 'मी झाडावर चढते' असं म्हणायचं, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा प्रकार छापून बाजारात आणला. आमचं टेबल कर्वेनगरात आहे, शनिवारी रात्री. एक बँकेतले काका, दोन सॉफ्टवेअरवाले, एक फिजिओथेरपिस्ट, आणि इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी. डीएम मी.

आता नियम बघा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे तुमच्या पात्राचा 'कॉन्स्टिट्यूशन'चा, म्हणजे अंगातल्या काटकपणाचा, जो बोनस असेल त्यात एक मिळवायचा. तितकी मिनिटं श्वास धरता येतो. कमीत कमी तीस सेकंद. बास. काकांच्या योद्ध्याचा बोनस तीन, म्हणजे चार मिनिटं. खेळातला एक राऊंड सहा सेकंदांचा असतो, म्हणजे चाळीस राऊंड. आणि या खेळातली मारामारी साधारण किती चालते? चार किंवा पाच राऊंड. म्हणजे अर्धं मिनिट. टेबलावरचं सगळ्यात मरतुकडं पात्रसुद्धा तीस सेकंद श्वास धरतंच. थोडक्यात, पाण्याखाली कोणीही, कोणाशीही, पूर्ण लढाई करून वर येऊ शकतो आणि श्वासाचा प्रश्न उपस्थितच होत नाही.

बरं, या वेळात तुम्ही काय करताय याच्याशी नियमाला काही देणंघेणं नाही. तळाशी मांडी घालून बसा, नाहीतर मगरीच्या जबड्यात हात घालून झटापट करा. चार मिनिटं ती चार मिनिटंच.

आमच्याकडे हेच झालं. समुद्रातला एक किल्ला, त्याच्या तटाखालून जाणारं पाण्याने भरलेलं भुयार, आत एक मगर आणि एक पेटी. काकांनी मगर मारली, पेटीचं कुलूप तोडलं, पेटी हलेना म्हणून ती पहारीने उचकटली, आणि वर उरलेल्या मंडळींनी घाई करा म्हटल्यावर शांतपणे म्हणाले, "अरे, अजून तीस राऊंड आहेत माझे. कसली घाई?" पुस्तकाप्रमाणे काकांचं शंभर टक्के बरोबर होतं. माझी तक्रार काकांबद्दल नाहीच. ज्या पुस्तकाने काकांना असं बोलायची सोय करून दिली, त्याच्याबद्दल आहे.

यावर एक हमखास उत्तर येतं, की खेळ सोपा करायचा म्हणून हे असं केलंय, कष्टाचा हिशोब ठेवणं फार किचकट आहे. हे खरं नाही. याच खेळाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सरळ लिहिलं होतं की अंगमेहनत करत असाल तर श्वास धरायची मुदत निम्मी. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत पोहण्याच्या कौशल्याखाली होतं की वार करण्यासारखी कृती केली की उरलेल्या मुदतीतून एक राऊंड जास्तीचा कापायचा. २०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत तर फारच सुटसुटीत आहे. पाच अधिक बोनस इतके राऊंड हवा, दर राऊंडला एक कमी, त्या राऊंडमध्ये वार केला किंवा मंत्र टाकला तर दोन कमी, आणि तोंड उघडून बोललात तर सगळी हवा गेली. आणि 'गर्प्स' नावाची जी नियमावली आहे तिच्यात साधारण माणूस स्वस्थ असेल तर शंभर सेकंद, हलकी हालचाल करत असेल तर चाळीस, आणि जोर लावत असेल तर फक्त दहा. तीन आकडे! यात किचकट काय आहे? दुसरी-तिसरीतलं पोर हा हिशोब ठेवेल. नियम होता, चालत होता, आणि २०१४ मध्ये तो टाकून दिला. २०२४ च्या सुधारित पुस्तकात श्वास संपल्यानंतर काय होतं ते बदललं, हे मान्य. आता दर राऊंडला थकव्याची एक पायरी चढते आणि सहाव्या पायरीला मरण. पण तिथवर पोचायची मुदत तीच राहिली आणि कष्टाचा उल्लेख परत आलाच नाही. छपराचं गळणं तसंच ठेवून खाली नवी बादली ठेवल्यासारखं झालं हे.

शरीराचा हिशोब काय सांगतो ते बघू. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. तोच माणूस जीव खाऊन मेहनत करायला लागला की अडीच लिटर, कधी त्याहूनही जास्त. दहापट! आणि पाण्यात शिरताना छाती भरून घेतली तरी फुप्फुसं, रक्त आणि स्नायू मिळून जेमतेम दोन लिटरचा साठा असतो, तोही सगळा वापरता येत नाही, त्याच्या बऱ्याच आधी शुद्ध जाते. म्हणजे जो माणूस निपचित पडून काही मिनिटं काढेल तो झटापटीत मिनिटभरही काढणार नाही. फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सूदने २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास धरला. कसा? पाण्यात तोंड घालून, अजिबात न हलता. त्या स्पर्धेतलं मुख्य कौशल्यच हे की काही करायचं नाही.

मन्नारच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे बघा. दोरीला बांधलेल्या जड दगडावर पाय रोवून ते तळाशी जायचे. का? हातपाय मारत खाली जाण्यात दम घालवायचा नाही म्हणून. वर यायचं तेव्हा होडीतला सोबती दोरीने ओढून घ्यायचा. जाताना दगडाचे कष्ट, येताना दुसऱ्याचे, आणि स्वतःचा सगळा दम तळाशी शिंपले गोळा करायला. पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण आहे ते, आणि आमच्या पुस्तकाला ते सव्वातीनशे पानांत दोन ओळींत मांडता आलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते याहून वेगळं आहे. वास्तवाशी जुळत नाही म्हणून नियम वाईट, असं माझं म्हणणं नाही. खेळ म्हणून तो वाईट आहे. आणि खेळ म्हणून चांगला नियम कसा असतो ते बघायला अमेरिकेची पुस्तकं उघडायचीही गरज नाही. आपल्याकडे हुतूतू आहे.

हुतूतूत, म्हणजे कबड्डीत, काय असतं? एका दमात 'हुतूतू' किंवा 'कबड्डी' घोकत पलीकडे जायचं, कोणाला तरी शिवायचं, आणि दम तुटायच्या आत मध्यरेषा गाठायची. दम पलीकडे तुटला की बाद. पकडणारे काय करतात? मारत नाहीत, पाडूनच टाकलं पाहिजे असंही नाही. नुसतं धरून ठेवतात, दम जाईपर्यंत. (मगर दुसरं काय करते?) या खेळात दम हेच चलन आहे. जितकी झोंबाझोंबी कराल तितकं ते भराभर खर्च होतं, आणि किती खर्च झालं ते सगळ्या मैदानाला ऐकू येतं. हाच खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी करून दाखवला होता, आणि १९९० मध्ये तो बीजिंगच्या एशियाडमध्ये पोचला. पुढे २०१४ पासून प्रो कबड्डीत चढाईवर तीस सेकंदांचं घड्याळ दिसायला लागलं, आणि आपण सगळे दमाऐवजी आकड्यांकडे बघायला लागलो. टीव्हीसाठी ते सोयीचं आहे, समजू शकतो. पण चढाईला गेलेल्या माणसाच्या डोक्यात जे चाललेलं असतं त्यातला एक धागा त्या घड्याळाने नक्की तोडला.

तो धागा म्हणजे परतीचा दम. पलीकडे जाणाऱ्याला नुसतं 'माझ्याकडे दम किती' हे बघून चालत नाही. 'परत यायला किती लागेल' हे आधी बाजूला काढून ठेवावं लागतं. लहानपणी सुट्टीत गावच्या विहिरीत पोरं तळ काढायची, म्हणजे बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायची. पाठीचा डबा सुटला की प्रत्येकाला ते करायचं असायचं. मामा काठावर बसून एकच गोष्ट सांगायचा, "निम्म्यावर वळायचं. माती हाताला लागो न लागो." पाण्याखालच्या प्रसंगातलं सगळं नाट्य या एका वाक्यात आहे. माती दोन हातांवर दिसतेय, आणि वळायची वेळ झालीय. आता?

पाचव्या आवृत्तीत हा प्रश्नच कधी पडत नाही. चाळीस राऊंड हातात असलेल्या माणसाला निम्मा म्हणजे वीस. तोवर लढाई संपून पेटी उघडून झालेली असते.

आता विरोधी बाजूचे लाडके युक्तिवाद घेऊ.

पहिला, "ज्या खेळात ड्रॅगन उडतात तिथे तू ऑक्सिजनचे लिटर मोजतोस?" हा युक्तिवाद ऐकला की मला हसू येतं. ड्रॅगन आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही, म्हणून त्याच्याबद्दल पुस्तक सांगेल ते आपण मानतो. श्वास मात्र टेबलावरचा प्रत्येक जण क्षणाक्षणाला घेतोय. नाक दाबलं की वीस-तीस सेकंदांत काय व्हायला लागतं हे सांगायला पुस्तक लागत नाही. जी भीती सगळ्यांच्या अंगात आधीच आहे, ती फुकट मिळत असताना वापरायची नाही, याला काय म्हणावं?

दुसरा, "आमची पात्रं वीर आहेत, सामान्य माणसं नाहीत." असू द्या की. वीराला सामान्य माणसाच्या दुप्पट दम द्या, तिप्पट द्या. माझा आग्रह आकड्याचा नाहीच, प्रमाणाचा आहे. वीराचाही दम झोंबाझोंबीत स्वस्थ बसण्यापेक्षा लवकर संपलाच पाहिजे. शिवाय ज्याला पाण्याखाली बिनघोर राहायचंय त्याच्यासाठी खेळात मंत्र आहे. पाण्याखाली श्वास घेण्याचा तिसऱ्या पातळीचा मंत्र, एका वेळी दहा जणांना, चोवीस तासांसाठी. महाभारतातला दुर्योधन शेवटी डोहात जाऊन बसला तो काही छाती भरून श्वास घेऊन बसला नव्हता. त्याने विद्येने पाणी थोपवून धरलं होतं. त्याला विद्या लागली, आणि आमच्या योद्ध्याला नुसता प्लस तीन पुरतो! श्वास जर फुकटच पुरणार असेल तर तो मंत्र शिकणाऱ्या जादूगाराने काय पाप केलं?

तिसरा युक्तिवाद जरा बरा आहे. "खेळाडूंना मोजामोजीचा कंटाळा येतो." कागदावर आकडे खोडत बसायचा येतो, मान्य. म्हणून आम्ही कागद वापरत नाही. चिंचोके वापरतो.

आमची पद्धत अशी. पाण्यात शिरताना प्रत्येकाने दहा अधिक आपला बोनस इतके चिंचोके समोर घ्यायचे. राऊंडभर निश्चल राहिलात तर एक चिंचोका वाटीत. पोहलात तर दोन. वार केला, ओढलं, ढकललं, कुलूप तोडलं, सुटायची धडपड केली, तर तीन. अंगावर वार बसला तर वर एक. बोललात तर निम्मे गेले. संपले की दर राऊंडला फासा, आणि दर वेळी आधीपेक्षा अवघड. शरीराचं प्रमाण दहास एक असताना मी तिनावर तडजोड केलीय, कारण दहास एक ठेवलं तर पहिल्याच वाराला खेळ आटपतो. तुम्हाला जास्त शूर पात्रं हवी असतील तर दहाऐवजी वीस घ्या.

आता काकांचं तेच भुयार बघा. बोनस तीन, चिंचोके तेरा. आत जायला दोन राऊंड पोहायचं, चार गेले. यायला तेवढेच लागणार, म्हणजे आणखी चार न शिवता ठेवायचे. उरले पाच. म्हणजे आत एक जोराचं काम आणि वर दोन चिंचोके शिल्लक. एकतर मगरीला एक तडाखा, नाहीतर पेटीचं कुलूप. दोन्ही नाही. ही पद्धत लावल्यावर काका त्या भुयाराच्या तोंडाशी दहा मिनिटं विचार करत बसले होते. शेवटी दोरी बांधून गेले, वर ओढायला दोघांना ठेवून. मन्नारच्या पाणबुड्यांबद्दल काकांना मी काही सांगितलं नव्हतं बरं का! नियम बरोबर असला की माणसं आपणहून तिथे पोचतात.

(एक गोष्ट मात्र टेबलावर सक्त मना आहे. काही डीएम मंडळी खेळाडूंना खरोखर श्वास धरायला लावतात, 'तुझा दम असेपर्यंत तुझं पात्र पाण्याखाली'. हा वेडेपणा आहे. ज्याला दमा आहे तो काय करणार? चिंचोके त्यासाठीच आहेत.)

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

एकदा भुयारात शिरायच्या आधी आमच्यातली ती इंजिनियरिंगची मुलगी म्हणाली, "दादा, मी आधी दहा-पंधरा वेळा जोरजोरात श्वास घेते. बोनस मिळेल ना?" प्रश्न रास्त होता. पुष्कळ नियमावल्यांमध्ये याला जास्तीचा वेळ मिळतो, मी वर कौतुक केलेल्या गर्प्समध्येही मिळतो. मी म्हटलं, "मिळेल. दोन चिंचोके जास्त घे. पण आता तुझी सगळी वाटी माझ्या पडद्यामागे येणार."

"म्हणजे किती उरले ते मला दिसणारच नाही?"

"पाण्यातही दिसत नाही."

मग फिजिओथेरपिस्टने तिला नीट समजावलं. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, तर कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. आधी जोरजोरात श्वास घेतले की ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे टाकी तेवढीच राहते, फक्त धोक्याची घंटा काढून टाकलेली असते. पाण्याखाली बरं वाटत असतं, आणखी थोडं जाऊ असं वाटत असतं, आणि गुदमरल्याची जाणीव व्हायच्या आधीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारे अशाने उथळ टँकमध्ये बुडालेले आहेत, आणि काठावरच्यांना वाटतं अजून दम धरून आहे.

ती गप्प झाली. मग म्हणाली की हॉस्टेलवरच्या मैत्रिणी टँकवर पैज लावतात, पाण्याखालून एका दमात किती लांब जायचं, आणि आधी सगळ्या अशाच जोरात श्वास घेतात.

खेळामुळे कोणी बुडतं असा माझा दावा नाही. दर उन्हाळ्यात खडकवासल्याला, पानशेतच्या पाण्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या कोणी डंजन्स अँड ड्रॅगन्सचं पुस्तक वाचलं होतं असं मला वाटत नाही. पण आम्ही कर्वेनगरात राहतो. खडकवासला इथून बाईकवर अर्ध्या तासाच्या आत येतं. माझ्या टेबलावर बसणारी पोरं सोमवारी कॉलेजला जातात आणि रविवारी पाण्यावर जातात. खेळातून माणसाच्या अंगात काहीतरी उतरतंच, नाहीतर आपण खेळलो कशाला असतो? पाण्याखाली चार मिनिटं निवांत असतात आणि जोरात श्वास घेतला की बोनस मिळतो, हे उतरण्यापेक्षा निम्म्यावर वळायचं असतं हे उतरलेलं मला जास्त चालेल. त्यासाठी प्रवचन द्यायची गरज नाही. नियम नीट केला की झालं, आणि खेळही जास्त रंगतो.

तेव्हा डीएम मंडळींनो, पुढच्या वेळी तुमचं टेबल पाण्यात उतरेल तेव्हा पुस्तकातलं ते पान मिटून ठेवा. किराणा दुकानात चिंचोके मिळाले नाहीत तर शेंगदाणे चालतील, फक्त ते कोणी खाणार नाही याची काळजी घ्या. करून बघा, आणि नाही पटलं तर शनिवारी रात्री कर्वेनगरात या. भांडायला मी आहेच.